गुडघ्याचे ऑपरेशन: उतारवयात या चुका टाळा

गुडघ्याचा सांधा बदलण्याच्या ऑपरेशननंतर आईला गोव्यातल्या डिचोलीच्या घरी आणले, तेव्हा मायेपोटी आम्ही तिच्या गुडघ्याखाली उशी ठेवली. तिला बरे वाटायचे. तीन आठवड्यांनी फिजिओथेरपिस्ट आला, त्याने उशी काढून पाय सरळ करायला सांगितला. गुडघ्यामागे चार बोटे पोकळी राहिली! पाय वाकलेलाच आखडत चालला होता. मग टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचे. पोकळी भरायला महिना गेला, आणि त्या महिन्यात आई रोज रडली. उशी हवीच तर टाचेखाली द्या, गुडघ्याखाली कधीच नको.

दुखते म्हणून व्यायाम टाळणे ही तशीच चूक. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाआधी अर्धा तास घ्यावी, सोसत बसू नये. पहिल्या दोन आठवड्यांत गुडघा ९० अंशांपर्यंत वाकायला हवा. सूज मात्र तीन-चार महिने राहू शकते, तिला घाबरू नका.

आता निर्णयाचे. नुसता एक्स-रे बघून ऑपरेशन ठरवू नका. चालवत नाही, रात्री झोप मोडते आणि काही महिने नेटाने व्यायाम करून, वजन उतरवूनही फरक नाही, तेव्हा ठरवा. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पण वर्षानुवर्षे ढकलतही राहू नका. मांडीचे स्नायू वाळले की नंतर सावरणे जड जाते. झीज एकाच बाजूला असेल तर अर्धा सांधा बदलून भागेल का, हे विचारा. झिजलेल्या गुडघ्याची दुर्बिणीने 'साफसफाई' करून दुखणे थांबत नाही. गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले असेल तर पुढचे तीन महिने ऑपरेशन टाळतात, जंतुसंसर्गाचा धोका असतो. म्हणून ते लपवू नका. साखर आटोक्यात आणा, किडलेले दात आधी दाखवा. हृदयविकार असेल तर दोन्ही गुडघे एकदम करण्याचा हट्ट नको.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड असले तरी त्यात नेमके काय बसते, हे दाखल होण्याआधी विचारून घ्या.

आपल्याकडे पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, त्यामुळे जमल्यास तारीख पावसाळ्यानंतरची घ्या. संडासात कमोड आणि धरायला दांडा आधीच बसवा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, जखमेतून पू आला, ताप चढला तर 'उद्या बघू' म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखले तर लगेच १०८ला फोन करा.