हार्लेकिन पोलो घेताय? आधी दारं उघडा

जर्मनीत नोकरीला गेलेली आपली पोरं जुन्या गाड्यांच्या नादी लागली, की कधीतरी हार्लेकिनपाशी, म्हणजे चार रंगांच्या फोक्सवॅगन पोलोपाशी येतात. मग मला फोटो येतो, ‘काका, खरी आहे का?’ पिंपरीत डेंटिंग-पेंटिंगमध्ये माझं आयुष्य गेलंय. फोटोवरून मी काही बोलत नाही. गाडी कशी बघायची ते सांगतो.

आधी ती बनली कशी ते ध्यानात घ्या. १९९५ साली पोलोच्या प्रचारासाठी काढलेल्या या गाडीला लोकांनी उचलून धरलं. १००० काढायच्या ठरल्या होत्या, निघाल्या ३८०० च्या वर. लाल, निळा, पिवळा, पिस्ता असे चार रंग. पण एकाच गाडीवर चार रंग मारलेच नव्हते! आधी एकरंगी गाड्या तयार केल्या, मग त्यांचे बॉनेट, मडगार्ड, दारं, डिकी आणि बंपर आपसात बदलले. शेजारच्या दोन भागांना एक रंग द्यायचा नाही, एवढं पथ्य.

म्हणून पहिलं काम मूळ रंग ओळखायचं. छप्पर, खांब, दाराखालची पट्टी, मागच्या चाकावरचा पत्रा हे वेल्ड केलेले भाग, ते सुटत नाहीत. सगळे एकाच रंगाचे हवेत. बॉनेट उचला, इंजिनभोवतीचा पत्राही त्याच रंगाचा हवा.

आता दारं उघडा. दाराची आतली कड बाहेरच्याच रंगाची हवी, कारण अख्खं दारच दुसऱ्या गाडीचं आहे. आणि दाराची चौकट मात्र छपराच्या रंगाची. बाहेरून पिवळं दार आणि आत कडेला निळं दिसलं, तर कुणीतरी साध्या पोलोला हौसेने रंगपंचमी खेळवलीय. बॉनेटची आणि डिकीची खालची बाजूही अशीच तपासा. रबर जरा ओढून बघा. नकली काम तिथे हमखास उघडं पडतं, मास्किंग टेपची रेघ राहिलेली असते.

खरी गाडीसुद्धा ठोकून दुरुस्त केलेली असू शकते, आणि ते इथे ओळखणं अवघड. साध्या गाडीत नवा रंग शेजारच्या पत्र्याशी ताडून डोळा पकडतो. इथे शेजारी मुळात वेगळाच रंग, शेडमधला फरक कळणार कसा? पेंटरची चैनच. म्हणून रंगाची जाडी मोजायचं मीटर न्याच. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. एखादा भाग ३०० दाखवत असेल तर वरून दुसरा हात बसलाय. त्याच्याही पुढे आकडा पळाला तर खाली पुट्टी. लालाकडे नीट बघा. उन्हाने आधी तोच फिका पडतो. बाकी तिन्ही रंग विटलेले आणि लाल मात्र लग्नातल्या शालूसारखा, मग विक्रेत्याला विचारा कधी मारला.

अमेरिकेतल्यांनी पोलो शोधू नये, तिथे फोक्सवॅगनचीच दुसरी गाडी, १९९६ ची हार्लेकिन गोल्फ आली. मेक्सिकोतल्या पुएब्लात बनलेल्या जेमतेम २६४. त्यातल्या काही खपेनात म्हणून एका डीलरने पत्रे परत अदलाबदल करून त्या एकरंगी केल्या.