गावी आईबाबांसाठी बाई ठेवलीय, ती नीट सांभाळते का हे कसं बघायचं

मुंबईत बसून फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "बरी आहे, आताच पेज घेतली". खोटंच असतं असं नाही, पण त्यावरून कळत काहीच नाही. गणपतीत गेलं की तर सगळंच चकाचक, चादरसुद्धा नवी. बघायचंच असेल तर ऐन पावसात, जुलैत जा, आणि न कळवता जा.

गेल्या गेल्या बाईची उलटतपासणी नको, आधी आईचं अंग बघा. अंथरुणावरचं माणूस असेल तर टाचा, माकडहाड, खुबे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा, दाबल्यावर फिका पडला तर ठीक, लालच राहिला तर बेडसोअरची (सतत एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात झालीय आणि बहुतेक कूस वेळेवर बदलली जात नाहीये (साधारण दर २ तासांनी बदलतात, रात्रीसुद्धा). सावळ्या अंगावर लाली कळत नाही, मग हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतं का. जांघेत, छातीखाली चट्टे असतील तर लगेच बाईवर घसरू नका, आपल्याकडे पावसात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, चट्टे उठायचेच. मलम लागतंय का, ओलसर गाऊन तसाच चढवला जातो का, ते खरं बघायचं. दंडावर बोटांचे वळ दिसले किंवा बाई आली की आई गप्प होत असेल, तर मात्र आईशी एकटीशी बोला. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा टोल फ्री नंबर आहे, तिथेही विचारता येतं.

मग जेवताना शेजारी बसा, माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच कळतं. आईला उठवून बसवते की आडवीच ठेवून भरवते (आडवं भरवलं की ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं), पहिला घास गिळेपर्यंत थांबते का, बांगड्याचा काटा स्वतः बोटाने चाचपून काढते का. काटा काढणारी बाई मिळाली असेल तर पगाराची घासाघीस करू नका! वजनही करा, ५० किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो उतरलं असेल तर डॉक्टरला दाखवा, पण कवळी सैल झालीय का तेही बघा.

गोळ्यांसाठी वहीवर जाऊ नका, स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजा. वहीत रोज बीपी १२०/८० आणि सगळं एकाच पेनाने एका दमात लिहिल्यासारखं असेल तर समजून जा. न्हाणीच्या वाटेवर शेवाळ खरवडलंय का, लाईट गेली तर बॅटरी हाताशी आहे का, ॲम्ब्युलन्सचा १०८ नंबर भिंतीवर लिहिलाय का, एवढं पाच मिनिटांत बघून होतं.

आणि बाईला विचारा, रात्री झोप होते का. दर २ तासांनी कूस बदलणारी एकटी बाई दिवसा पेंगणारच, तो कामचुकारपणा नाही, तिथे दुसरं माणूस लागतं. लावणीला तिलाही स्वतःच्या शेतात जायचं असतं, तेव्हा सुट्टी कधी हवी ते मे महिन्यातच विचारून घ्या आणि बदली माणूस बघून ठेवा, नाहीतर पावसात ऐनवेळी कोणी मिळत नाही.