मल्टिमीटर घेताना आधी दहा अँपियरचं भोक बघा

बेळगावच्या खडेबाजारात मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-करंट मोजायचा मीटर, घ्यायला गेलात तर बहुधा छोटा पिवळा 830 मॉडेलचा मीटर पुढे येईल. सेल, बॅटरी, मुलांचं सर्किट यांना तो पुरतो. पण जास्त करंट मोजताना वायर खोचायच्या दहा अँपियरच्या भोकाशेजारी 'अनफ्यूज्ड' असं बारीक अक्षरात छापलेलं असेल, तर त्या बाजूला फ्यूजच नसतो. वायर चुकून त्याच भोकात राहिली आणि प्रोब, म्हणजे वायरींची टोकं, 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये गेले, की थेट शॉर्ट! हातातच भडका उडतो. म्हणून घरच्या लाइनसाठी थोडे जास्त पैसे घाला. मिलिअँपियर आणि दहा अँपियर अशा दोन्ही बाजूंना फ्यूज असलेला आणि 'कॅट थ्री 600 व्होल्ट' (घरच्या वायरिंगसाठीचा सुरक्षेचा दर्जा) छापलेला, नावाजलेल्या कंपनीचा मीटर घ्या. ऑटोरेंज, म्हणजे रेंज आपोआप निवडणारा, असला तर शिकणाऱ्या पोरांना फार सोपं जातं.

दुकानातच मीटर बझरवर (वायर अखंड असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. आवाज लगेच आला पाहिजे. रेंगाळला, तर तुटकी वायर शोधताना वैताग येतो.

आणि खानापूर-निपाणीकडच्या शेतकरी भावांनो, मोटारीच्या स्टार्टरवर थ्री-फेज म्हणजे 415 व्होल्ट असतात. तिथं हा स्वस्त मीटर अजिबात लावू नका. वायरमनलाच बोलवा.