बेळगावात नवीन आहात? कॉम्प्युटरचं सामान घ्यायला निघण्याआधी वाचा

पाटी कानडीत आहे म्हणून दुकानाबाहेर घुटमळू नका. पाटीवर साठ टक्के कन्नड असावं असा इथला कायदाच आहे. आत जाऊन सरळ मराठीत विचारा, बहुतेक ठिकाणी उत्तर मराठीतच येतं. गल्ल्यावरचा कानडी बोलणारा निघाला तरी ‘अण्णा, एष्टु?’ (दादा, कितीला?) एवढ्यावर काम भागतं.

खडेबाजार, गणपत गल्लीच्या गर्दीत मिळेल ती केबल किंवा माऊस घेतला तर फारसं काही बिघडत नाही. चार्जर, रॅम (चालू कामापुरती मेमरी), एसएसडी (फायली साठवणारी डिस्क) मात्र कॉम्प्युटरचंच काम करणाऱ्या दुकानातून घ्या.

नव्या मंडळींचे सगळ्यात जास्त पैसे जातात ते लॅपटॉपच्या चार्जरवर. पिन बसली की चार्जर बरोबर, असं धरून चालतात. पिन बसते का, हे सगळ्यात शेवटी बघायचं. जुना चार्जर जळालेला असला तरी बरोबर न्या. त्याच्या पाठीवर ‘आउटपुट’पुढे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. 19 आणि 19.5 मधला फरक चालून जातो, 19 ला 24 चालत नाही. अँपिअर तेवढेच हवेत किंवा जास्त. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. 65 वॉटच्या लॅपटॉपला 90 वॉटचा लावला तर धोका नाही, कारण लॅपटॉप लागेल तेवढाच करंट ओढतो. उलट केलंत तर चार्जर तापतो आणि बॅटरी भरतच नाही.

एचपीची निळी पिन आणि डेलची बारीक पिन दोन्ही 4.5 × 3.0 मिलिमीटरच्या, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसते. पण डेलचा लॅपटॉप मधल्या सुईतून चार्जरमधली चिप वाचतो. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालू राहतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि मशीन मंदावतं. मग लोक बॅटरी बदलतात, तीही उपयोगाला आली नाही की विंडोज नव्याने टाकतात. दोष असतो चार्जरचा! म्हणून लॅपटॉप घेऊनच दुकानात जा, आणि बॅटरी पन्नास टक्क्यांच्या खाली उतरवून जा. बॅटरी भरलेली असेल तर चार्जर खरा की खोटा ते कळत नाही. तिथेच लावा, दहा मिनिटं थांबा, टक्के चढताना डोळ्यांनी बघा आणि मगच पैसे द्या.

दुसरी गोष्ट बिलाची. पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर ‘एक नग एसएसडी’ एवढंच असेल, तर उद्या वाद घालायला तुमच्या हातात काहीच नाही. कंपनीची वॉरंटी देशभर चालते. कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेल्या पण चालणाऱ्या चार्जरला मात्र बहुधा दुकानाचीच वॉरंटी असते, ती त्या दुकानापुरती. शनिवार-रविवारी गावी जाणारे कोल्हापुरातून स्वस्तात घेऊन येतात आणि बिघडला की तेवढ्यासाठी 110 किलोमीटर परत जातात. महाराष्ट्रातल्या चंदगडकडच्या व्यावसायिकांनी आणखी एक बघावं. इथल्या दुकानाचा जीएसटी नंबर 29 ने सुरू होतो, तुमचा 27 ने. कर्नाटकचा सीजीएसटी-एसजीएसटी लागलेल्या बिलावर महाराष्ट्रातल्या नोंदणीला क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. भाव ठरवताना हे आधीच हिशेबात धरा.

रॅम घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. किती स्लॉट भरलेत आणि स्पीड किती, ते तिथे दिसतं. डीडीआर 3, 4 आणि 5 च्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एक दुसऱ्यात बसत नाही. 2400 स्पीडच्या रॅमच्या जोडीला 3200 ची लावली तर दोन्ही 2400 वर चालतात. जास्तीचे पैसे कशाला? एसएसडीत एम-डॉट-टू (पट्टीसारखी एसएसडी) एवढंच सांगून थांबू नका. जोडणी साटा (हळू) की एनव्हीएमई (वेगवान), आणि लांबी 2280 (80 मिलिमीटर) की 2242 (42 मिलिमीटर), हे लॅपटॉप उघडून बघूनच ठरवा.

शहापूर, वडगाव, अनगोळकडच्या जुन्या घरात खोली घेतली असेल, तर डेस्कटॉप जोडण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ या दोन्हींमध्ये साधारण 230 व्होल्ट यायला हवेत. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात आणि महागडा स्पाईक गार्डही (विजेचे झटके अडवणारा बोर्ड) अर्धंच काम करतो. वळवाच्या दिवसांत विजा सुरू झाल्या की प्लग काढून ठेवा, राउटरचासुद्धा.

वीज गेल्यावर मशीन थोडा वेळ चालवणारा 600 व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुतेक वेळा 360 वॉट. त्यावर एक डेस्कटॉप आणि मॉनिटर दहा-पंधरा मिनिटं निघतो. काम सेव्ह करून बंद करायला तेवढं पुरतं. लेझर प्रिंटर त्यावर लावू नका. दोन-तीन वर्षांनी आतली 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी मान टाकते, तेव्हा तेवढी बदला, अख्खा यूपीएस बदलायची गरज नसते.

घासाघीस जरूर करा, पण दारातूनच मोबाईलवरचा ऑनलाइन भाव नाचवू नका. पुण्याहून आलेल्यांची ही खास खोड. त्यापेक्षा ‘फिटिंग आणि टेस्टिंग धरून किती?’ विचारा. पेनड्राइव्हही घेतला की टेस्ट कराच. 64 जीबीचा विंडोजमध्ये 59 च्या आसपास दिसतो, ते बरोबरच आहे. नकली ड्राइव्हही तेवढाच दिसतो, पण आठ-दहा जीबीनंतरच्या फायली उघडत नाहीत. एचटू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर ड्राइव्ह पूर्ण भरून वाचून बघतं. वेळ लागतो, म्हणून घरी आल्या आल्या लावा आणि खोटा निघाला तर दुसऱ्याच दिवशी बिलासकट परत न्या.