आकाश पांढरंफटक, सावलीत दाणेच दाणे? या चुका टाळा

फोटो असे आले तर दोष लेन्सला देण्याआधी सेन्सरचा, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, स्वभाव ओळखा. त्याचा हिशोब सरळ असतो: प्रकाश दुप्पट, तर सिग्नल दुप्पट. फिल्म जास्त उजेडात हळूहळू मंदावायची. सेन्सरचा पिक्सेल मात्र प्रकाशाने सुटलेल्या इलेक्ट्रॉनांनी काठोकाठ भरला की पुढचं काहीच नोंदवत नाही. ‘रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) आहे, नंतर काढू’ म्हणून हायलाइट, म्हणजे फोटोतले सर्वांत उजळ भाग, सोडून दिले, तर स्लायडर कितीही ओढा, करडा डाग मिळेल, ढग नाही.

या भीतीने काही जण उलटं टोक गाठतात आणि सगळेच फोटो दोन-तीन स्टॉप अंडर, म्हणजे गरजेपेक्षा कमी प्रकाश घेऊन काढतात (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). माझ्या मते ही चूक जास्त महागात पडते. १४ बिट रॉमधल्या उजळपणाच्या १६,३८४ पायऱ्यांपैकी ८,१९२ एकट्या सर्वांत उजळ स्टॉपमध्ये जातात, हे कारण नेहमी सांगितलं जातं. ते खरं आहे, पण दाण्यांचं मुख्य कारण दुसरंच. प्रकाश कणाकणाने येतो, पावसाच्या थेंबांसारखा, कधी चार जास्त, कधी चार कमी. पिक्सेलने १०,००० फोटॉन (प्रकाशकण) टिपले तर साधारण १०० चा फरक पडतो, म्हणजे १ टक्का. १०० च टिपले तर फरक १० चा, म्हणजे १० टक्के! म्हणून महत्त्वाचा हायलाइट वाचेल इतकंच एक्स्पोजर (सेन्सरवर पडणारा प्रकाश) कमी करा, त्याखाली जाऊ नका.

हायलाइट वाचला की नाही, हे हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजळपणाच्या आलेखावर, बघताना सावध राहा. रॉ काढत असलात तरी बहुतेक कॅमेरे तो कॅमेऱ्यातच प्रक्रिया झालेल्या जेपेगवरून बनवतात. लालभडक फुलाचा एकत्रित आलेख निर्धोक दिसतो आणि लाल चॅनेल कधीच भरलेला असतो. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा.

आयएसओ, म्हणजे फोटो किती उजळ करायचा याचं सेटिंग, वाढवल्याने सेन्सर जास्त प्रकाश घेत नाही. शटरचा वेळ आणि अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) तेच असेल तर प्रकाशही तेवढाच, फक्त सिग्नल वाढवून मिळतो. त्यामुळे अंधारात हट्टाने आयएसओ १०० वर काढून नंतर उजळवण्यात फायदा नाही. काही कॅमेऱ्यांत तर दाणे आणखी वाढतात.

रात्री शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेल्या लांब एक्स्पोजरमध्ये दर फोटोत त्याच जागी रंगीत ठिपके दिसले तर ते हॉट पिक्सेल, म्हणजे प्रकाश नसतानाही उजळ दिसणारे पिक्सेल. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू करा. कॅमेरा शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाची दुसरी फ्रेम घेतो आणि पहिलीतून ती वजा करतो. तेवढा वेळ तो हँग झाल्यासारखा वाटतो. घाईने बंद करू नका. मी केलाय, फोटो गेला.