गणितात मागे पडलेल्या विद्यार्थ्याला शिकवताना

५२ मधून २७ वजा करून ३५ असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी बहुधा निष्काळजी नसतो. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा नियम त्याने मनाशी धरलेला असतो आणि तो प्रत्येक स्थानी इमानाने पाळत असतो. म्हणून तोच धडा पुन्हा, केवळ अधिक सावकाश, शिकवण्याऐवजी आधी चुकीमागचा हा नियम शोधावा. हातच्याची आणि बिनहातच्याची चार-पाच उदाहरणे मिसळून द्यावीत, ती पायरी बोलून दाखवत सोडवायला सांगावे आणि मध्ये न टोकता ऐकावे. हे ऐकणे हाच या कामाचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

नियम सापडला की वस्तूंकडे वळावे. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या समोर ठेवल्या, की दोनांतून सात काढता येत नाहीत हे विद्यार्थ्याला स्वतःलाच दिसते. मग एक गठ्ठा सोडून बारा सुट्ट्या काड्या करणे त्याला आपोआप सुचते. त्याच बैठकीत तीच कृती चित्रात आणि शेजारी अंकांत मांडावी. वस्तू, चित्र आणि चिन्ह यांचा संबंध सांगितला नाही, तर काड्यांचा खेळ एकीकडे आणि वहीतली वजाबाकी दुसरीकडे राहते.

अपूर्णांकांत हीच काळजी अधिक घ्यावी लागते. १/२ + १/३ = २/५ असे लिहिणाऱ्याला लगेच समच्छेदाची रीत सांगू नये. २/५ अर्ध्यापेक्षा मोठा की लहान, हे त्याला संख्यारेषेवर पाहू द्यावे. अर्ध्यात भर घालून अर्ध्याहून कमी कसे उरेल, हा प्रश्न त्याला पडला की समच्छेदाची गरज त्याला पटते.

नवीन रीत शिकवताना आधी पूर्ण सोडवलेले उदाहरण द्यावे, नंतर शेवटची पायरी रिकामी ठेवलेले, मग दोन पायऱ्या रिकाम्या ठेवलेले. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या संदर्भात दाखवले, की नवशिक्यांना नुसती उदाहरणे सोडवायला लावण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणे अभ्यासायला देणे अधिक उपयोगी ठरते.

पाढ्यांचा सराव रोज थोडा वेळ घ्यावा, मात्र वर्गासमोर शर्यत लावू नये. मागचा सगळा अभ्यासक्रम भरून निघेपर्यंत विद्यार्थ्याला वर्गाच्या चालू पाठापासून दूर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. उद्याच्या पाठाला लागणारे तेवढेच जुने कौशल्य आज पक्के करून घ्यावे, आणि आठवड्याने तेच उदाहरण इतर प्रकारांत मिसळून पुन्हा द्यावे.