क्रशरवर जाताना: मास्क, मफ आणि वॉकीटॉकी

क्रशरवर, म्हणजे दगड फोडून खडी करायच्या मशीनवर जाताना हेल्मेट, बूट, पाण्याची कॅन हे सांगायला नकोच. दाढी मात्र काढून या, खुंटांमधून भुकटी सरळ आत जाते. आपल्या काळ्या दगडात फुफ्फुसं खराब करणारी सिलिका कमी, असं म्हणत धूळ गिळणारे पुष्कळ पाहिले. एन ९५ असो की फिल्टरवाला रबरी, आधी मास्क, त्यावर हेल्मेट. पट्टे हेल्मेटच्या आत. वरून घेतले तर घाम पुसायला हेल्मेट काढलं की मास्कही हातात येतो.

आता कान. हेल्मेटच्या खाचेत बसणारे मफ, म्हणजे आवाज अडवणारे कानावरचे कप, ठरावीक हेल्मेटबरोबरच तपासलेले असतात, दुसरेच ठोकून बसवू नका. गादी थेट कातडीला टेकली पाहिजे. मास्कचा पट्टा किंवा गॉगलची जाड काडी मध्ये आली की फट पडलीच. धुळे-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, त्यामुळे रुमाल बांधल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. बांधा भो, पण कानावरून नको.

आणि हे सगळं अंगावर चढवून, क्रशर चालू असताना, वॉकीटॉकीवर बोलून बघा. मागच्या खेपेला मी हेच केलं नाही. शेडमध्ये चहा पीत, मास्क खिशात, 'हॅलो हॅलो' केलं आणि झाली तपासणी! क्रशरच्या जबड्यात, जिथे दगड चिरडतो तिथे, दगड अडकला, दोघं पहार घालून काढत होते. मी मास्कमधून म्हणालो, "झालं नाही." शेजारचं दुसरं मशीन धडधडत होतं. खाली ऑपरेटरला ऐकू आलं, "चालू." जबडा हलला. पहार गेली, हात वाचले. मेन स्विचला कुलूप नव्हतं, तो माझा दुसरा गाढवपणा.

म्हणून बोलून बघा. मास्क लावून, मफ लावून. मास्कमध्ये शब्दांच्या कडा बोथट होतात, ओरडलं तर आणखी बिघडतं. बटण दाबून क्षणभर थांबा, मग बोला. थांबवायचं असेल तर एकच शब्द ठरवा, तीनदा म्हणा, आणि ऑपरेटरने तो परत म्हटल्याशिवाय पुढे हलू नका. इअरफोनची वायर मफच्या गादीखालून नेली की पुन्हा फट. स्पीकर आतच असलेले मफ मिळतात, ते घ्या.

बाकी जादा फिल्टर, चार्ज केलेली बॅटरी, शिट्टी. कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. बोलून बघितलं? शेडमध्ये नाही हो, क्रशरपाशी!